धाकटी मोडीत निघाली ती येळवस

हरभऱ्याला यंदा आंब चांगली धरली आहे. सकाळी रानात गेलं की साडीचा काठ ओला होऊन पोटऱ्यांना चिकटतो. ती ओल दवाची वाटते, पण बोट जिभेला लावलं की अंगावर शहारा येतो, इतकी आंबट. तूर काढणीला आली. ज्वारी निसवली, कणसांत दूध भरतंय. मार्गशीर्षातली अमावस्या, आमची येळवस, होऊन गेली. दरवर्षी हाच वास आणि पाठीवर कोवळं बसणारं हेच ऊन. माणसाचं एवढं होऊन जातं, तर रानानं थोडं तरी बदलायला पाहिजे. ते बदलत नाही, याचा मला राग येतो.

माझ्या सगळ्या संसारात एकच येळवस अशी झाली की हे घरी होते. तेवढाच एक हंगाम. तो मी इतक्या वेळा आठवला आहे की त्याचे काठ झिजून गेलेत.

हे जहाजावर होते. सोनपेठच्या बाजूला जहाज म्हटलं की लोक आधी वर आभाळात बघतात. समुद्र आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. पाणी म्हणजे गंगा, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि तिच्या पलीकडे दुसरं तालुक्याचं गाव. त्यात यांचं जहाज माल नेणारं नव्हतं, लढाईचं नव्हतं, मासे धरायचंही नव्हतं. समुद्राचा अभ्यास करायचं जहाज. लग्नाच्या वेळी लोक मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारायचे, "पोरगं काय करतंय तुमचं?"

"समुद्राचं पानी मोजायलाय."

"मोजून काय करतंय?"

"काय करतंय? परत समुद्रातच ओततंय."

सगळे हसायचे. मामाही हसायचे. पण कुणी पुन्हा तेच विचारलं की छाती थोडी पुढे काढायचे.

आधी हे बोअरमधल्या मोटारी काढायचे. तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं करायचं, कप्पी बांधायची आणि खोल अडकलेली मोटार दोरानं वर घ्यायची. दोराला हात लावून खाली काय चाललंय ते त्यांना कळायचं. त्या कामावर ओळख झालेल्या एका मुकादमाबरोबर ते बंदरावर गेले. तिथे जहाज बांधायच्या कारखान्यात जड सामान उचलून जागेवर बसवायचं काम लागलं. तेव्हा तिथे एक जहाज बांधणं चालू होतं. त्याच्या सांगाड्यापासून रंगापर्यंत हे त्यातच होते. जहाज पाण्यात उतरलं आणि यांना वाटलं, आता हिला सोडून कुठे जायचं. मग शिकून, परीक्षा देऊन त्यांनी खलाशाची नळी काढली. नळी म्हणजे खलाशाचं ओळखपत्र. पूर्वी ते नळीत गुंडाळून ठेवायचे म्हणून हे नाव पडलं, असं ते सांगायचे. आणि त्याच जहाजावर नोकरीला लागले.

एकाच नकाशावरून बांधलेली अशी तीन जहाजं होती. त्यांची सरकारी नावं मोठी होती, माझ्या तोंडात बसली नाहीत. हे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचे. यांची ती धाकटी.

तो हंगाम आला, कारण धाकटीला मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत चढवलं होतं. गोदीतलं पाणी काढून घेतात आणि जहाज कोरडं उभं राहतं, विहिरीचा गाळ काढताना विहीर दिसते तसं. बाकीचे तिथलं काम बघणार होते, यांना सुट्टी मिळाली. येळवशीच्या आधी आले आणि ज्वारी काढून होळी करून गेले. पहिले काही दिवस त्यांना झोप लागायची नाही. जमीन हलत नाही म्हणायचे. अंगणात चालताना पाय थोडे फाकवून चालायचे. शेजारची शांताक्का म्हणाली, "काय गं चंद्रकले, नवरा बदकावानी चालायलाय की तुझा." मी पदर तोंडावर घेतला. त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरून मुद्दाम तसंच चालत गेले.

आमच्यात बोलणं फार नव्हतं. ते नसायचे, आणि असले तरी मला बोलायला सुचायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, कारण माहेरची शाळाच तेवढी होती. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. पण त्या हंगामात ते बोलायचे आणि मी ऐकायची. मी भाकरी थापायची, ते चुलीपुढे बसून जहाज सांगायचे. तुरीच्या शेंगा सोलतानाही जहाजच.

थोरली आधी झाली. तिचा नकाशा चांगला होता, पण समुद्रात गेल्यावर कळलं की ती फार डुलते. थाळी टेबलावर थांबायची नाही. ओकून ओकून शिकलेली माणसं आडवी व्हायची, मग पाणी मोजणार कोण? आणि तिचं इंजिन फार गुरगुरायचं. अभ्यासाची तऱ्हा अशी, की जहाजाच्या पोटातून खाली एक आवाज सोडायचा आणि तो तळाला लागून परत येतो तो ऐकायचा. त्यावरून तळ किती खोल, कसा, ते कळतं. थोरलीला तळाचं उत्तर ऐकूच यायचं नाही, स्वतःच्या इंजिनाचाच आवाज ऐकू यायचा.

मी म्हटलं, "काही माणसं असतात तशी."

हे इतके हसले की चुलीतला धूर त्यांच्या नाकात गेला. मी काही बोलले आणि कुणी हसलं, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालं नाही.

मधली बांधताना इंजिन रबराच्या जाड गाद्यांवर बसवलं. पोटात पाण्याच्या टाक्या केल्या. जहाज एकीकडे कललं की टाकीतलं पाणी दुसरीकडे भार देतं आणि कलणं कमी होतं. आणि धाकटी बांधताना मागची बाजू खाली घेतली. थोरलीचा मागचा डेक उंच होता. तिथून खाली सोडलेलं सामान वाऱ्यावर झोके घ्यायचं, जहाजाच्या अंगावर आपटायचं, महागाची यंत्रं फुटायची. म्हणून धाकटीचा मागचा डेक पाण्याला जवळजवळ टेकवला, आणि तिथे एक मोठी लोखंडी कमान उभी केली. कमानीवरून तार जाते आणि सामान अलगद पाण्यात उतरतं. हे म्हणायचे, "आपलं बोअरचं तिकाटणंच गं, नुसतं मोठं." मागचा डेक खाली घेतला याचं त्यांना फार कौतुक होतं. लाट आली की पाय धुऊन जाते, म्हणायचे.

मी तेव्हा मनात म्हटलं होतं, हे घरातल्या लेकींसारखं झालं. थोरलीच्या लग्नात जे चुकतं ते मधलीच्या वेळी सांभाळतात, आणि धाकटीला सगळ्यांचं शहाणपण मिळतं. तेव्हा हे मला चांगलं वाटलं होतं.

येळवशीच्या दिवशी रानात कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपटं, केली होती. कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, हीच त्या दिवसाची रीत. जेवणं झाली आणि कुणीतरी विचारलं, "जहाज केवढं असतंय रे?" हे उठले. कडब्याच्या पेंढीतून ज्वारीची वाळकी ताटं ओढली आणि रानात जहाज आखायला लागले. टोक कोपीपाशी धरलं. हरभऱ्याच्या दोन्ही बाजूंनी ताटं टाकत टाकत पार पाण्याच्या दंडापर्यंत गेले. दंड म्हणजे पिकाला पाणी न्यायची चारी. तिथे जहाजाची शेपटी.

"हितं कप्तान. हितं शिकलेली मानसं झोपत्यात. हितं भटारखाना."

मामा धोतराचा सोगा धरून रेघेबाहेर उभे. "म्हंजी माझा हरभरा तुझ्या भटारखान्यात आला म्हन."

"बाबा, तुमी समुद्रात उभे हाव. आत या, नाहीतर बुडताल."

मामा खरंच एक पाऊल आत आले. शांताक्का खीर चाटत म्हणाली, "आन चंद्रकलेची खोली कुटं हाय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तेव्हा यांनी मला हाक मारली. सगळ्यांसमोर. "हिकडं ये. हितं उभं राहा. ही विंच." विंच म्हणजे तार गुंडाळायचं आणि सोडायचं मोठं यंत्र. एक खुंटी रोवून ते म्हणाले, "हा तिचा दांडा. मी तिकडं मागं जातो. वारं आन इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत न्हाई, सगळं हातावर चालतंय. पालथा हात खाली केला, की तार सोड. बोट वर करून फिरवलं, की ओढ. मूठ दाखवली, की थांब. काहीबी होऊ दे, मूठ दिसली की थांब."

ते दंडाच्या काठावर जाऊन उभे राहिले. पाठीमागे दंडाचं पाणी चमकत होतं. पालथा हात खाली केला. मी खुंटी पुढे ढकलली. बोट फिरवलं, मी मागे ओढली. मूठ. मी थांबले. लोक हसत होते, पण मला हसू ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचा हात दिसत होता. मला वाटलं, हे मला जमतं. यात बोलावं लागत नाही.

तिथून पुढे आमच्या घरात तीच भाषा झाली. अंगणातून त्यांनी पालथा हात केला की मी भाकरी वाढायची. मामा बडबडायला लागले आणि मला रडू येणार असं दिसलं, की ते सोप्यातून मूठ दाखवायचे. मी थांबायची. रडणंही थांबायचं. रेणू, आमची मुलगी, तेव्हा आठवीत होती. म्हणायची, "तुमी दोघं मुके झालाव का?" आज कुणी मला विचारलं की तुझ्या नवऱ्याशी तू सगळ्यात जास्त कधी बोललीस, तर मी त्या हंगामाचं नाव सांगेन.

त्याच हंगामात त्यांनी मला तो कप दिला. जहाजावर एक गंमत करतात. थर्माकोलचा चहाचा कप घेतात, त्यावर पेनानं काहीतरी लिहितात, पिशवीत घालून, खोलातलं पाणी भरून आणायच्या बाटल्यांचा लोखंडी पिंजरा असतो, त्याला बांधतात आणि तार खाली सोडतात. खोल समुद्राचा भार त्या कपावर येतो. वर काढला की कप अंगठ्याएवढा झालेला असतो. फुटत नाही, चिरत नाही. आकारही तोच, फक्त लहान आणि घट्ट. आतली सगळी हवा निघून गेलेली असते. त्यावर त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. चंद्रकला. अक्षरं मुंगीएवढी झाली होती, पण पहिल्यापेक्षा काळीभोर.

मी विचारलं, "आता हा पाण्याबाहेर आहे, मग परत मोठा होईल का?"

"न्हाई. एकदा तिथवर जाऊन आलं की न्हाई होत."

मी त्यात कुंकू ठेवायला लागले. रोज आंघोळ झाली की त्यातलंच लावायची. शांताक्काला ते बघवायचं नाही. "करंडा न्हाई का तुझ्या घरी? बाहुलीच्या कपातलं कुंकू लावायलीस." 

हे गेले त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, पूर्वेकडच्या समुद्रात. वादळ दूर होतं, त्याच्या लाटा तेवढ्या येत होत्या. काम थांबवायचं ठरलं होतं आणि खाली सोडलेला पिंजरा वर घेत होते. रत्नागिरीकडचे सुर्वेभाऊ यांच्या जोडीला असायचे, ते विंचवर होते. हे मागच्या डेकवर, हात दाखवायला. सुर्वेभाऊ नंतर आमच्या घरी आले. खाली बघत बसले. म्हणाले, "वैनी, पिंजरा कमानीला लागणार म्हणून त्यांनी मूठ दाखवली. मी थांबवलं. तार थांबली. तेवढ्यात मागून लाट आली. लाट गेली तेव्हा डेक रिकामा होता. मूठ मी पाहिली, वैनी. त्यांचा हात वरच होता."

जहाजानं शोधलं. विमान आलं. दुसरी जहाजं आली. त्यांचा बूट सापडला नाही, टोपी सापडली नाही. चौकशी झाली, कुणाची चूक निघाली नाही. मलाही सापडली नाही. मी खूप शोधली. कमरेला पट्टा बांधलेला होता, तो तुटला. डेक खाली होता, कारण थोरलीचा उंच होता. उंच डेक चुकीचा होता म्हणून खाली घेतला. एवढंच.

घरात काहीच आलं नाही, म्हणून काही करताही आलं नाही. माणूस गेला की त्याला उचलतात, नेतात, येऊन आंघोळ करतात, तेरावा होतो. रडायला एक वाट असते. आमच्याकडे नुसता फोन आला होता. मी कुंकू काढलं नाही. कुणी काढ म्हणालंही नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही जणी बोलवायच्या, काही जणी दारापर्यंत येऊन दुसरंच काही बोलून जायच्या. त्यांचंही बरोबर. मी कोण होते ते मलाच सांगता आलं नसतं. शांताक्का तेवढी दरवर्षी यायची. वाण ओटीत टाकायची आणि म्हणायची, "ते येऊस्तोवर मी हाय." जिभेनं तिखट बाई, पण हात मऊ.

आणि मी खरं सांगते, मी वाट बघत होते. बिनडोक वाट. धाकटी तिच्या कामाला परत गेली होती. दरसाल पावसाच्या आधी ती समुद्रात जायची, पाण्याचा ताप मोजायची. समुद्र किती तापला त्यावर पाऊस कसा येणार ते ठरतं, असं हे सांगायचे. मामा तेव्हा म्हणाले होते, "ताप बघता, पर औषद कोन देतंय?" त्या चेष्टेवर आम्ही किती हसलो होतो. आता मोबाइलवर पावसाचा अंदाज आला की मला वाटायचं, धाकटी तिथे फिरते आहे. त्याच पाण्यावरून जाते आहे. पिंजरा खाली सोडते आहे, वर काढते आहे. इतक्या वेळा खालचं पाणी वर काढणाऱ्या जहाजाला कधीतरी काहीतरी लागेल. बोअरमधली मोटार नाही का सुटून वर येत, सगळ्यांनी आशा सोडल्यावर? हे मी कुणाला बोलले नाही. लोक वेडी म्हणाले असते. रेणू आता परभणीला कॉलेजात शिकते, तिच्यापुढे तर बोलायची लाज वाटली असती.

यंदा येळवशीच्या दिवशी आम्ही कोप केली, पण लहान. मामा, मी, रेणू आणि शांताक्का. हाक मारून कुणाला बोलावलं नाही. मी दंडापर्यंत जाऊन आंबील शिंपडली. हरभरा त्याच जागी पेरला आहे. ताटांची रेघ कधीच मोडून गेली, तरी मला पाय कुठे टाकायचा ते कळत होतं. भटारखाना. शिकलेल्या माणसांची खोली. विंच. तिथे खुंटी नव्हती, तर मी पदराचं टोक धरून उभी राहिले.

तेव्हा सुर्वेभाऊंचा फोन आला. दर येळवशीला करतात. मला मोबाइलवर बोलता येत नाही, म्हणून रेणूनं स्पीकर लावला. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली.

"वैनी, सांगू की नको, असं चाललंय. धाकटी मोडीत निघाली. किनाऱ्यावर चढवलीय, कापायला लागलेत. थोरली, मधली गेल्या होत्याच. आता नवीन जहाजं आलीत. त्यांत बघा, मागं कुणी उभंच राहत नाही. जहाजाच्या पोटात मधोमध भोक ठेवलंय, तिथूनच तार सोडतात. माणूस आत उभा राहतो, चारी बाजूंनी भिंती. बाहेर किती लाटा येऊ देत." मग म्हणाले, "आमच्या ज्ञानूमुळं झालं ते, असं मी सगळ्यांना सांगतो."

त्यांना वाटलं असेल, याचा मला आधार वाटेल. भला माणूस. पण मी तिथे रानात उभी राहून एवढंच बघत होते, की एका जहाजात चुकलं ते दुसऱ्यात सुधारतात. नकाशा असतो, पुढचं जहाज असतं. माझ्या घरात पुढचं काही नव्हतं. सगळं शहाणपण आलं ते आमच्यानंतर आलं. आणि धाकटीही गेली. आता त्या पाण्यावरून त्यांना ओळखणारं कुणी जाणार नाही.

मामा कोपीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. बराच वेळ हरभऱ्याची डहाळी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जहाजालाबी किनारा भेटला मोडायला. त्याला मूठमाती झाली. माझ्या लेकराला न्हाई झाली."

त्यांनी डहाळी खाली ठेवली.

"पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळत्यात. मला ठाव हाय. लय दिस झाले ठाव हाय. म्या बोललो न्हाई, पोरी, तुझ्या कपाळाकडं बघून." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पर म्या आता थकलो. पान्यात गेलेल्याला पानी कोन देनार? तहानेलं फिरत असंल ते. बापाच्या हातानं होऊ दे."

शांताक्का म्हणाली, "मामा, आज सणाचा दिवस हाय."

"सनाच्या दिवशीच आठवतंय, आक्का. बाकीच्या दिवशी काम असतंय."

मी नाही म्हणू शकले असते का, हे मी स्वतःला विचारलं. मामा तहान म्हणत होते आणि मी वाट म्हणत होते. पण वाट कुठली? धाकटी होती तोवर मला काहीतरी म्हणता येत होतं. मी मान हलवली. मामांना ती दिसली की नाही माहीत नाही, पण रेणूला दिसली. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

ज्यांचं शरीर सापडत नाही त्यांचा पुतळा करतात. पळसाची पानं आणि देठ, हातापायांच्या जागी. डोक्याला नारळ. दर्भानं बांधायचं, वर पांढरं कापड. मामा स्वतः पळसाची पानं आणायला गेले. या दिवसांत पळसाची पानं जून झालेली असतात, चामड्यासारखी. ती त्यांनी सोप्यात पसरली आणि एकेक पुसली. मी त्यांच्यासमोर बसून पुसायला लागले. एक पान किडकं निघालं, ते मामांनी बाजूला ठेवलं. "हे नको," म्हणाले.

बायका अशा कामाला गंगेवर जात नाहीत. मी घरीच राहायचं धरलं होतं. मामा निघताना दारात थांबले. "तूबी चल."

शांताक्का म्हणाली, "मामा, लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनू देत. पानाचा पुतळा हाय तो. हिच्याबिगर कोन वळखल त्याला?"

मी आत गेले. आंघोळ झालीच होती. कप काढला, कुंकू लावलं, रोजच्यासारखं. उरलेलं देवापुढे ओतलं. कप फडक्यानं पुसला, पण अक्षरांत लाल बसलं आहे, ते निघत नाही. परत जागेवर ठेवला. आणि त्यांच्यामागे चालू लागले.

गंगेवर ऊन होतं. बंधाऱ्याची दारं पाऊस सरला की बंद करतात, त्यामुळे पाणी काठोकाठ आणि गप्प उभं होतं. एक म्हैस पाण्यात डोळे मिटून बसली होती. गुरुजींनी पुतळा मांडून घेतला. तो एवढासा होता. यांची उंची दाराच्या चौकटीला लागायची. मला तो कप आठवला.

गुरुजी म्हणाले, "गेलेल्याचं नाव सांगा."

मामांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. रेणूनं ओढणी तोंडात धरली होती. गुरुजी थांबले. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, संक्रांतीला बायकांच्या आग्रहानं घेतलं, तेही यमकात लपवून, पदराआडून. नुसतं नाव, पुढेमागे काही न जोडता, मी एकदाही उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आजी सांगायची.

"ज्ञानोबा," मी म्हटलं.

आवाज निघाला. मोठा निघाला. म्हशीनं डोळे उघडले. गुरुजींनी तेच नाव मंत्रात घेतलं आणि पुढे म्हणायला लागले. माझ्या तोंडातून ते गेलं आणि गेलेल्या माणसाचं झालं.

मामांनी अग्नी दिला. जून पानं आधी नुसती धुरकटली, मग कडेनं तांबडी झाली आणि वळायला लागली. दर्भ तडतडला. पांढरं कापड मधोमध काळं पडत गेलं. तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर गेला. मी पाहिलं तर मूठ वळलेली होती. पदराबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी. रेणूनं ती पाहिली. तिला ती खूण ठाऊक होती. पण तिनं तरी काय करायचं? आग चालूच राहिली.

मग राख सावडून मामांनी पाण्यात सोडली. रेणू माझ्या कानाशी म्हणाली, "आई, गंगा पूर्वेकडच्याच समुद्राला मिळते. पप्पा होते तिथंच." तिनं ते माझ्यासाठी शोधून ठेवलं असेल. मी मान हलवली.

बंधाऱ्याची दारं बंद होती. राख पाण्यावर पसरली, थोडी काठाकडे आली आणि तिथेच थांबली. मी मूठ खाली घेतली नव्हती. आम्ही बराच वेळ उभे होतो. राख हलली नाही.